आधी उंबरा, मग कचऱ्याची बादली

पर्यावरणाला जपून राहायचे असे मनाने घेतले की बहुतेकांची पहिली पायरी खरेदीचीच असते. बांबूचे ब्रश, स्टीलच्या नळ्या, काचेच्या बरण्या, घोषणा छापलेल्या कापडी पिशव्या असा नवा संसार घरात येतो आणि अजून दहा वर्षे सहज टिकले असते असे प्लास्टिकचे डबे माळ्यावर किंवा भंगारात जातात. काही वर्षांपूर्वी मीही हेच केले होते. महिन्याभराने लक्षात आले की घरातला कचरा तसूभरही कमी झालेला नाही, फडताळाची शोभा मात्र वाढली आहे. त्या फजितीनंतर हळूहळू बसत गेलेली रीत येथे सांगते आहे. तिच्यासाठी लागणारी वस्तू एकच, ती म्हणजे वही, आणि मुलांच्या मागच्या वर्षीच्या वह्यांत कोरी पाने उरली असतील तर तीही विकत आणू नये.

कापडी पिशवीचेच उदाहरण घ्यावे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की हवामानावरील परिणामापुरता हिशेब केला, तर एकदा वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करण्यासाठी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. यावरून प्लास्टिकची पिशवी चांगली ठरत नाही, कारण गटारे तुंबवणे आणि गुरांच्या पोटात जाणे हे तिचे दोष या हिशेबात धरलेलेच नाहीत. एवढे मात्र ठरते की लग्नात, उद्घाटनात आणि प्रदर्शनात मिळालेल्या वीस कापडी पिशव्या खुंटीवर लोंबत असतील, तर त्यातल्या अठरा पिशव्यांनी पर्यावरणाचे काहीही भले केलेले नाही. दोन पिशव्या नेहमीच्या पर्समध्ये आणि स्कूटरच्या डिकीत कायमच्या ठेवाव्यात, आणि एकविसावी कुणी देऊ केली तर हात जोडून नको म्हणावे.

महिनाभराची वही

बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू एक महिना लिहून काढणे, हे पहिले काम. वाणसामान, भाजी, औषधे, कुरिअरची पाकिटे, पाहुण्यांनी आणलेली मिठाई, चहापत्तीच्या पुड्याबरोबर फुकट मिळालेला मग, वर्गमित्राच्या वाढदिवसाहून मुलाने आणलेली परतभेट, यातले काहीही सोडायचे नाही. पानावर पाच रकाने आखावेत. तारीख, वस्तू, ती कोणी व का आणली, तिच्यावरचे वेष्टन हे चार लगेच भरावेत आणि पाचवा कोरा सोडावा. तो तीन महिन्यांनी भरायचा असतो आणि त्यात वस्तू वापरात आहे की पडून आहे एवढेच लिहायचे असते. वही दारापाशी, चपलांच्या कपाटावर, दोरीने बांधलेल्या पेन्सिलीसह ठेवावी, कारण रात्री निवांत लिहू असे ठरवले की चौथ्या दिवशी वही बंद पडते. आमच्याकडे ती दोनदा पडली.

ही वही हिशेबाची नव्हे, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवावे. कोणी किती पैसे उडवले हे शोधण्यासाठी ती वापरली, तर दुसऱ्या आठवड्यापासून पाकिटे लपवली जाऊ लागतात. वस्तू कोणत्या वाटेने आत शिरतात, एवढेच तिच्यातून पाहायचे. आमच्या वहीत महिनाअखेर तीन वाटा दिसल्या. पहिली वाट मोबाइलवरून घाईने मागवलेल्या किरकोळ जिनसांची होती: कोथिंबिरीची एक जुडी, चार लिंबे, आणि घरपोच आणून देण्याचे पैसे वाचावेत म्हणून भरीला घातलेले बिस्किटांचे दोन पुडे, व या सगळ्यांना मिळून तीन वेगवेगळी वेष्टने. दुसरी वाट कोणी न मागितलेल्या भेटींची होती. तिसरी संपून जाईल या धास्तीने आधीच आणून ठेवलेल्या वस्तूंची, म्हणजे हळदीचे पुडे तीन आणि भांडी घासण्याचे साबण नऊ.

पहिल्या वाटेवरचा उपाय सोपा पण टोचणारा आहे. दहा मिनिटांत सामान आणून देणारी ॲप्स मोबाइलवरून काढून टाकावीत आणि खरेदीचा वार ठरवावा. आमचा शनिवार आहे. मधल्या दिवसांत जे संपेल ते फ्रिजच्या दारावरील कागदावर लिहायचे आणि त्यावाचून निभवायचे. लिंबू नसेल तर आमटीला आमसूल चालते, कोथिंबीर नसेल तर पोह्यांवर नुसते खोबरे चालते. पहिले दोन आठवडे कुरकुर होते, नंतर घरातील प्रत्येकाला काय संपत आले आहे याचा अंदाज येऊ लागतो.

अन्न, औषधे आणि शाळेचे साहित्य सोडून बाकी प्रत्येक इच्छेसाठी वहीचे शेवटचे पान राखून ठेवावे. वस्तूचे नाव आणि आजची तारीख तेथे लिहावी आणि तीस दिवसांनी पुन्हा पाहावे. तोपर्यंत गरज टिकली असेल तर वस्तू निःसंकोच घ्यावी, आणि घेताना टिकाऊ घ्यावी. मी मागच्या वर्षी या पानावर हवेवर तळणारे यंत्र लिहिले होते. तिसाव्या दिवशी ते वाचताना मला ते का हवे होते हेच आठवेना. पायमोज्यांच्या नोंदीला मात्र काट मारता आली नाही, ते घेतले.

वाणसामानाची वाट बदलण्याचा एक जुना आणि आपल्याकडचाच मार्ग आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काही कुटुंबांचा एकेक संघ करून महिन्याचे सामान एकत्र मागवण्याची पद्धत चालवते. सभासद घरी बसून यादी भरतो, सामान संघापर्यंत येते आणि शेजारी मिळून ते वाटून घेतात. दुकानात मांडलेल्या मालासमोर उभे राहून घेतलेला निर्णय आणि घरातले डबे उघडून पाहून भरलेली यादी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. जेथे असा संघ नाही तेथे चार-पाच कुटुंबांनी मिळून बाजार समितीजवळच्या घाऊक दुकानातून तांदूळ, गहू आणि डाळी पोत्याने आणून वाटून घेतल्या, तरी महिन्याच्या काठी पंधरा-वीस प्लास्टिकच्या पिशव्या घरात येणे थांबते.

स्वयंपाकघर

सर्वांत जास्त काम येथेच करण्यासारखे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातील घरगुती अन्ननासाडीचा अंदाज दर माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो असा दिला आहे. त्यात साली, देठ, कोयी हेही धरलेले असल्यामुळे आकडा वाटतो तितका लाजिरवाणा नाही. तरी चार माणसांच्या घराला तो दिवसाकाठी सहाशे ग्रॅम पडतो. स्वतःच्या घरचा आकडा काढायचा असेल तर ओल्या कचऱ्याची पिशवी सात दिवस रद्दीवाल्याच्या स्प्रिंगच्या काट्यासारख्या साध्या काट्यावर टांगून पाहावी. पिशवी रिकामी करताना आत काय आहे तेही पाहावे, कारण केळीची साल आणि आंबलेला वाटीभर भात यांचे वजन सारखे असले तरी त्यांचा अर्थ सारखा नसतो.

शिजवलेले अन्न उरण्याचे आमच्या घरातील मुख्य कारण आदरातिथ्य हे होते. कोणी आयत्या वेळी आले तर, म्हणून दोन पोळ्या जास्त आणि मूठभर तांदूळ जास्त. हा संस्कार मोडवत नाही आणि मोडूही नये. मात्र आयत्या वेळी येणाऱ्यासाठी कणकेचा गोळा फ्रिजमध्ये ठेवला, तर लाटायला पाच मिनिटे लागतात आणि कोणी न आल्यास तोच गोळा सकाळी चालतो. जे उरेल त्याची सोय आपल्या आज्या करूनच गेल्या आहेत. शिळ्या पोळीचा कुस्करा, ज्याला काही घरांत माणिकपैंजण असे झोकदार नाव आहे, फोडणीचा भात, उरलेल्या वरणात भिजवलेले थालीपीठ, हे पदार्थ आता न्याहारीच्या हॉटेलांत पैसे मोजून खाल्ले जातात.

सालींचेही तसेच. दोडक्याच्या शिरा तासून त्यांची तीळ आणि सुके खोबरे घालून चटणी करतात, हे अनेकांना ठाऊक आहे. त्यात नेमके काय बिघडते ते सांगते. शिरा जाड तासल्या आणि मोठ्या आचेवर घाईने परतल्या की त्या बाहेरून करपतात, आतून चिवट राहतात आणि चटणी दाताखाली दोरीसारखी लागते. शिरा पातळ काढून, बारीक चिरून, थोड्या तेलावर मंद आचेवर अगदी कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, आणि मीठ शेवटी घालायचे, कारण आधी घातले की पाणी सुटते. दुधी भोपळ्याच्या सालींना हाच नियम. कोथिंबिरीचे कोवळे देठ वाटणात जातात, कलिंगडाचा हिरव्या सालीआतला पांढरा भाग किसून तांदळाच्या पिठात घातला की लुसलुशीत पोळे होतात, आणि फणसाच्या आठळ्या टाकून देणाऱ्या माणसाला कोकणात तरी कोणी क्षमा करणार नाही.

फ्रिजमध्ये एक कप्पा आधी संपवायच्या पदार्थांचा ठरवावा, डोळ्यांच्या उंचीवरचा, आणि भाजी आणण्यापूर्वी तो रिकामा करावा. डाळी, कडधान्ये आणि तांदूळ शिजवण्याआधी भिजवले तर गॅस वाचतो. एवढे सर्वांना माहीत असते. ते आदल्या रात्री आठवत नाही ही खरी अडचण आहे, म्हणून जेवणानंतर ओटा पुसण्याच्या कामालाच डाळ भिजत घालण्याचे काम जोडून टाकावे.

रात्री अकराचे मीटर

विजेची बचत करा म्हटले की लोक दिवे बंद करतात, आणि एलईडी आल्यापासून दिव्यांत फारसे उरलेलेच नाही. आपण झोपलेलो असतानाही घर किती वीज खाते ते एकदा मोजावे. रात्री सर्व दिवे, पंखे बंद करून, फ्रिजची कळ अर्ध्या तासापुरती बंद करून मीटरसमोर उभे राहावे. मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेले असते. आमच्या मीटरवर तो आकडा ३२०० आहे. मी मोजले तेव्हा दर २८ सेकंदांनी दिवा एकदा लुकलुकत होता, म्हणजे तासाला साधारण १२८ वेळा, म्हणजेच सगळे बंद असतानाही ४० वॅट चालू होते. महिन्याला हे जवळजवळ २९ युनिट झाले. मग एकेक प्लग काढत गेले. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केल्यावरही जवळपास चालू असतानाइतकीच वीज घेत होता, आणि कोणी न वापरणारा एक जुना स्पीकर कपाटामागे वर्षभर जागा होता. दोन्ही भिंतीवरच्या कळेला जोडल्यावर लुकलुकण्यातले अंतर दुपटीहून अधिक झाले.

येथे एक अपवाद नीट समजून घ्यायला हवा, कारण असलेलेच वापरा हा नियम विजेच्या काही उपकरणांना लागू पडत नाही. मोबाइलमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा फार मोठा भाग तो तयार होतानाच होऊन गेलेला असतो. त्यामुळे बॅटरी बदलून तो आणखी दोन वर्षे वापरणे यासारखे उत्तम काही नाही. छताच्या पंख्याचे गणित याच्या उलट आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास फिरणाऱ्या पंख्यात महिन्याला २० युनिटचा फरक पडतो, आणि आपल्याकडची वीज मुख्यतः कोळशावर तयार होत असल्यामुळे दर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून बैठकीतला सतत चालणारा पंखा बदलणे योग्य, आणि पाहुण्यांच्या खोलीतला, वर्षातून दहा दिवस फिरणारा, बदलणे चूक. नवा फ्रिज आल्यावर जुना गॅलरीत पाण्याच्या बाटल्यांसाठी चालू ठेवणे हे मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही.

वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २०२० पासून २४ अंशांवर ठरवून दिलेले आहे. ते तेथेच राहू द्यावे आणि सोबत पंखा लावावा. गीझर आंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटे पुरतो.

शिवणीतली माया

शिंपी कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतो त्याला माया म्हणतात. माणूस जाडला तर ती उसवून कपडा सैल करता येतो. तयार कपडे घेताना मी आता प्रथम आतली बाजू उलटून ही माया पाहते. बहुतेक स्वस्त कपड्यांत ती बोटभरही नसते, म्हणजे तो कपडा दुरुस्त व्हावा अशी शिवणाऱ्याची अपेक्षाच नसते. मुलांच्या फ्रॉकला आणि पॅंटला तळाशी तीन बोटे दुमड असली तर एक वर्ष जास्त निघते. शाळेच्या गणवेशासाठी तर हा आग्रह धरावाच.

एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागते, हा आकडा आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेला असतो. तो जगाच्या सरासरीचा आहे. विदर्भातला बहुतांश कापूस पावसावर येतो, त्यामुळे आपल्याकडच्या प्रत्येक सदऱ्याला तो चिकटवणे बरोबर नाही. पण कापड विणणे, रंगवणे आणि धुणे यांना लागणारे पाणी कोणाला चुकलेले नाही, आणि नवा कपडा न घेण्याचे कारण म्हणून तेवढे पुरे आहे.

घरातून बाहेर जाणाऱ्या कपड्यांना आपल्याकडे दोन उत्तम वाटा आहेत. सुती साड्या आणि धोतरे यांची गोधडी होते. आत जुन्या साड्यांचे थर आणि वर चांगले पदर, असे घेऊन गावोगावच्या बायका अजून ती शिवून देतात. दुसरी वाट बोहारणीची. ती कपडे घेऊन स्टीलचे भांडे देते आणि ते कपडे निवडून, डागडुजी होऊन जुन्या बाजारात पुन्हा विकले जातात, हे कोणत्याही देणगीपेटीपेक्षा खात्रीचे काम आहे. अडचण एवढीच की बदल्यात घरात भांडे येते. मी तीन वेळचे कपडे साठवून एकच कामाचे पातेले घेते. आमच्या बोहारणीला ही घासाघीस पसंत नाही. "ताई, तुम्ही फार अडवता," असे ती दर वेळी म्हणते आणि दर वेळी येते.

वाण, आहेर आणि परतभेट

वहीतली सर्वांत अवघड वाट ही, कारण येथे नाही म्हटले की माणूस दुखावते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला लुटले जाणारे वाण म्हणजे बहुधा प्लास्टिकचा डबा, गाळणी किंवा आरसा असतो, आणि दहा घरी जाऊन आल्यावर घरात पाच गाळण्या होतात. मूळ कल्पना देण्याची आहे, टिकाऊ वस्तू देण्याची सक्ती नाही. त्यामुळे खाऊन संपणारे वाण द्यावे: गूळ, ओली हळद, बोरे, घरचे मेतकूट, किंवा कागदाच्या पुडीत मेथी-धण्याचे बी. मिळालेले वाण परत करू नये. ते वापरात येणार नसेल तर न उघडता बाजूला ठेवून ज्या घरी नवा संसार मांडला जात आहे तेथे द्यावे.

लग्नपत्रिकेवर आहेर आणू नये असे छापूनही लोक आणतातच, हे गृहीत धरून जवळच्या नातलगांना तोंडी सांगावे. मुलांच्या वाढदिवसाला परतभेट बंद करण्याचा निर्णय एकट्याने घेतला तर मुलाला वर्गात ऐकून घ्यावे लागते. तो चार-पाच पालकांनी मिळून घेतला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुरुस्ती आणि उसनवारी

आमचा मिक्सर बंद पडला तेव्हा कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात सांगण्यात आले की हे मॉडेल बंद झाले आहे, बदली योजनेत नवा घ्या. गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत झिजलेले कपलर, म्हणजे मोटरीला भांड्यातल्या पात्याशी जोडणारी चकती, बदलून दिले आणि मिक्सर आजही चालू आहे. तेव्हापासून काही खुणा पाठ केल्या आहेत. मोटरचा आवाज येतो पण भांड्यातले पाते फिरत नाही, तर कपलर गेले. मोटरीत ठिणग्या दिसतात, तर कार्बन ब्रश संपले. पंखा हळू फिरू लागला तर बहुधा कंडेन्सर बदलावा लागतो. कुकरची वाफ कडेने सुटते तेव्हा रिंग बदलायची, मात्र सेफ्टी व्हॉल्व्ह कंपनीचाच घ्यावा, तेथे जुगाड नको. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठीचे पोर्टल सुरू केले आहे. तेथे कंपन्यांची सेवा केंद्रे आणि सुट्या भागांची माहिती मिळते, आणि नव्या वस्तूची किंमत पाहण्याआधी ते पाहावे.

वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तू मालकीच्या असण्याचे काही कारण नाही. ड्रिल मशीन, शिडी, पुरणयंत्र, पन्नास माणसांचे पातेले आणि चकलीचा सोऱ्या यांची इमारतीतील यादी करून ती सूचना फलकावर लावावी आणि प्रत्येकापुढे घराचा क्रमांक लिहावा. आमच्या बारा घरांत अकरा सोऱ्या निघाले, आणि ते सगळे एकाच आठवड्यात लागतात असे लक्षात आल्यामुळे सोऱ्या यादीतून काढावा लागला. पुरणयंत्रे मात्र दोन पुरली.

जे उरेल ते

एवढे करूनही कचरा होतोच. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये, तो लहान तुकडा कोणीच उचलत नाही आणि गटारात जातो. फक्त चीर द्यावी, पिशवी धुऊन, वाळवून, गठ्ठा करून रद्दीवाल्याला द्यावी. पुण्यात कचरावेचकांची स्वच्छ ही सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करते. गोळा करणाऱ्या ताईंच्या हातात सुका कचरा कोरडा गेला तरच त्याला भाव येतो, म्हणून दह्याचा डबा न धुता त्यात टाकणे म्हणजे त्यांचे पैसे बुडवणे आहे.

माळे आणि कपाटे एका रविवारी रिकामी करून सगळे बाहेर फेकण्याचा मोह आवरावा. जे आधीच घरात आले आहे ते संपवणे हा या रीतीचाच भाग आहे, मग ते दिसायला कितीही विजोड असो. आमच्या न्हाणीघरात गेल्या दिवाळीपासून हॉटेलांतून आणलेल्या साबणाच्या छोट्या वड्या चालू आहेत, आणि अजून अकरा शिल्लक आहेत.